साडेचार इंचांची पट्टी

टेपचं एक टोक आप्पांनी डंपरच्या हौद्याच्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबून धरलं होतं, दुसरं माझ्या हातात होतं. लांबी बारा फूट. रुंदी सात फूट. उंची मोजायला मी हौद्यात उतरले. पत्र्याची मूळ कड दोन फूट साडेचार इंचांवर संपत होती. तिच्यावर नवी लोखंडी पट्टी वेल्ड केलेली होती, साडेचार इंचांची. वेल्डिंगची रेघ अजून निळसर दिसत होती, रंगसुद्धा मारला नव्हता. मी वहीत गुणाकार केला. पट्टीच्या आधी जवळजवळ २०० घनफूट, म्हणजे दोन ब्रास. पट्टीनंतर २३१. भाव मात्र दोन ब्रासचाच. वर शीग, म्हणजे कडेच्याही वर ढीग, लावल्याशिवाय मुकादम गाडी हलू द्यायचा नाही, ती शीग मी हिशेबात धरलीच नाही.

"म्हणजे किती?" आप्पांनी विचारलं.

"सहा गाड्या भरल्या की सातवी जवळपास फुकट."

ते काही बोलले नाहीत. टेप गुंडाळून खिशात घातला. आई खाली उभी होती, डोक्यावर चुंबळ तशीच. तिने फक्त हौद्याच्या कडेकडे पाहिलं. ते साडेचार इंच गेले तीन महिने तिच्या खांद्यांना ठाऊक होते. घमेलं आधीपेक्षा वर उचलावं लागतंय, हे ती घरी म्हणायची, आणि आम्हाला वाटायचं, ती थकलीय.

ही वाघोलीची गोष्ट. नगर रस्त्याला लागून, लोहगाव, भावडी, लोणीकंदच्या बाजूला काळ्या दगडाच्या खाणी होत्या. पुण्यात उभ्या राहिलेल्या कितीतरी इमारतींची खडी त्या खाणींतून गेली. आम्ही वडार. मूळ गाव नांदेड जिल्ह्यात, घरात वडारी बोलतो. 'संतुलन' संस्थेने खाणींवर पाषाण शाळा सुरू केल्या होत्या, त्यातल्या एकीत माझी अक्षरओळख झाली. पुढे गावातल्या हायस्कुलात गेले. संप झाला तेव्हा मी दहावीत होते आणि आमच्या वस्तीत सलग मराठी वाचता-लिहिता येणारी मोठ्यात मोठी मीच होते. म्हणून वही माझ्याकडे आली. त्या वहीबद्दलच मला लिहायचं आहे, पण आधी संप कसा झाला ते सांगावं लागेल.

सुरुंग उडाला की खाली मोठे दगड पडतात. ते घणाने आणि सुतकीने फोडून डबर करायचं आणि डंपरमध्ये भरायचं. तो डंपर क्रशरवर जातो, तिथे त्याची खडी होते. काम जोडीवर असतं, नवरा फोडतो, बायको भरते. दर गाडीमागे. घरात कुणी आजारी पडलं, लग्न निघालं, की मालकाकडून उचल घ्यायची आणि ती गाड्यांतून फेडायची. उचल फिटेपर्यंत खाण सोडता येत नाही, आणि ती सहसा फिटत नाही. आमच्या खाणीवर बासष्ट जोड्या होत्या.

पट्टीचं कळल्यावर पुण्याहून युनियनचे एक कार्यकर्ते आले. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. त्यांच्याकडून मला पहिल्यांदा कळलं, की केंद्र सरकार दगड फोडण्याचं किमान वेतन ठरवतं ते गाडीच्या मापावरच. ५.६६ घनमीटर, म्हणजे २०० घनफूट, आणि दगड जितका बारीक फोडायचा तितका दर जास्त. म्हणजे माप हाच आमचा पगार होता. हौद्याची उंची वाढवणं म्हणजे पगार कापणं. हे इतकं सरळ होतं, आणि इतकी वर्षं कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं.

अर्ज मी लिहिला. मागण्या चार. पट्टी काढा, शीग बंद करा, दर किमान वेतनाप्रमाणे द्या, प्यायचं पाणी आणि पाळणाघर द्या. शेवटच्या दोन गोष्टी कुणी मनाने मागितलेल्या नव्हत्या, खाणकामगारांसाठी त्या तेव्हाच्या १९५२च्या खाण कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत होत्या. अर्ज घेऊन आम्ही आधी शिवाजीनगरला राज्याच्या कामगार कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी समजावून सांगितलं, की खाणीचा परवाना आणि स्वामित्वधन तहसील-कलेक्टरकडे असलं तरी खाणीतल्या कामगारांचा तंटा केंद्राच्या अखत्यारीत येतो. मग केंद्रीय सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज दिला. पोच घेतली. भाऊंनी मला शिकवलं, पोचेवर शिक्का आणि तारीख पाहिल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. आज वकिलांच्या हाताखाली काम करताना मी नव्या मुलांना तेच सांगते.

मालकाने अर्जाला उत्तर दिलं नाही. सोमवारी सकाळी घण खाली ठेवले गेले.

पहिले तीन दिवस जत्रेसारखे होते. बाया दिवसाउजेडी बसून बोलत होत्या, हे मी पहिल्यांदा पाहिलं. चौथ्या दिवशी पाण्याचा टँकर आला नाही. सहाव्या दिवशी वस्तीची वीज गेली. आणि तिथून भांडण मालकाचं आणि आमचं राहिलं नाही.

गावात वीस-पंचवीस जणांनी कर्ज काढून डंपर घेतले होते. ते काही श्रीमंत नव्हते. गुंठ्यांनी जमीन विकून गाडी घेतलेली, हप्ता दर महिन्याला. खाण बंद म्हणजे गाडी उभी. त्यातला एक जण माझ्या वर्गातल्या मुलाचा बाप होता. तो आमच्या झोपडीसमोर येऊन ओरडला, "तुमची भांडणं तुमच्यापाशी ठेवा, माझा हप्ता कोण भरणार? तुम्ही उद्या गाठोडं उचलून नांदेडला जाल, आम्हाला इथंच राहायचंय." त्याच्या ओरडण्यात भीती होती. तेव्हा मला फक्त शिवी ऐकू आली.

आई आणि बाकीच्या बाया हंडे घेऊन गावातल्या नळावर गेल्या, तर त्यांना परत पाठवलं. कुणी हात लावला नाही. चार पोरं नळाच्या कट्ट्यावर बसली आणि उठली नाहीत, एवढंच. वाघोली तेव्हा ग्रामपंचायत होती, महापालिकेत गेली ती २०२१ साली. ग्रामपंचायतीत आमच्यापैकी कुणाचं मत नव्हतं, मग आमचं कोण ऐकणार? किराणा दुकानदाराने दुसऱ्या आठवड्यापर्यंत उधारी दिली. मग एका संध्याकाळी तो स्वतः वस्तीवर आला आणि म्हणाला, मला दुकान चालवू द्या, गाववाले माझ्याकडे यायचे बंद झालेत. मागचे पैसे त्याने मागितले नाहीत, तेही सांगायला हवं.

पाणी आम्हाला एका शेतकरीण बाईने दिलं. तिची विहीर खाणीच्या पलीकडे होती. क्रशरची धूळ तिच्या ज्वारीवर बसायची, कणीस हातात घेतलं की बोटं पांढरी व्हायची. सुरुंगाने तिच्या घराच्या भिंतीला भेग पडलेली. तिचा सख्खा चुलत दीर क्रशरवाल्यांच्या बैठकीतला. ती आईला म्हणाली, "दिवसा येऊ नका बाई, मला भावकीत राहायचंय. दिवे गेले की या." त्यानंतर महिनाभर आम्ही रात्री पाणी भरलं. कंदील न लावता. रहाटाला तिने चिंधी गुंडाळून ठेवली होती, आवाज होऊ नये म्हणून.

वहीचं काम तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं. पुण्याहून धान्य यायला लागलं. ज्वारी, तूरडाळ, तेलाचे डबे. कुणाला किती गेलं ते लिहायला हवं होतं. दोनशे पानी वही, डाव्या बाजूला नावं, पुढे रकाने. बासष्ट नावं मी शाईने लिहिली. कुणाच्या घरी लेकरं किती, म्हातारं कोण, कोण गरोदर, सगळं त्या वहीत होतं. लोक माझ्याशी आदराने बोलायला लागले. मला ते आवडलं, हे इथे लिहून ठेवते.

तडजोडीच्या तारखा पडत होत्या. तेव्हा १९४७चा औद्योगिक विवाद कायदा होता, आता त्याच्या जागी संहिता आली आहे. त्या कायद्यात तडजोड अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो, समेट घडवायचा प्रयत्न करतो, नाही जमलं तर सरकारला अहवाल पाठवतो. पहिल्या तारखेला मालकाकडून कुणीच आलं नाही. दुसऱ्या तारखेला एक मॅनेजर आला, म्हणाला, हे आमचे कामगारच नाहीत, हे मुकादमाचे. तिसरी तारीख पुढे गेली. आम्ही दर वेळी सात-आठ जण वाघोलीहून बसने जायचो आणि दुपारी हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर'मध्ये जेवायचो. झुणका-भाकर. आप्पा निम्मी भाकर रुमालात बांधून आईसाठी आणायचे.

पाचव्या आठवड्यात, पहाटे, अजून अंधार होता. मी अभ्यासाला उठले होते. खाणीतून आवाज आला. टक. टक-टक. टक.

सुतकीचा आवाज ज्याने लहानपणापासून ऐकलाय, त्याला कुणाचा हात आहे ते ओळखता येतं. कुणी जोरात एकच मारतो, कुणी आधी दगडाची शीर चाचपायला दोन हलके मारून मग तिसरा घालतो. हा हात शेजारच्या झोपडीतल्या काकांचा होता. आमच्या आणि त्यांच्या झोपडीत एकच भिंत, तीही पत्र्याची. हळूहळू वस्तीतली सगळी माणसं बाहेर येऊन उभी राहिली. कुणी काही बोलत नव्हतं. सगळे ऐकत होते, आणि सगळ्यांना कळलं होतं.

त्यांच्या बायकोला मी अक्का म्हणायचे. माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा आई तापाने फणफणली होती, महिनाभर त्याला अक्काने अंगावर पाजलं. त्यांच्यावर पंचवीस हजारांची उचल होती. त्यांचा धाकटा मुलगा ससूनमध्ये होता. मुकादमाने निरोप पाठवला होता, आत या, निम्मी उचल माफ, वर औषधाचे पैसे. हे सगळं आम्हाला नंतर कळलं असं मी म्हणू शकत नाही. मुलगा ससूनमध्ये आहे हे माझ्या वहीतच लिहिलेलं होतं.

आठवडाभरात चौदा जोड्या आत गेल्या. मग देवळासमोर बैठक झाली. म्हाताऱ्या माणसांनी ठरवलं, की फितुरांना विस्तव द्यायचा नाही, पाणी द्यायचं नाही, त्यांच्या घरच्या सुखदुःखाला जायचं नाही. धान्य तर नाहीच. आणि एक जण माझ्याकडे वळून म्हणाला, "पोरी, नावं खोड."

मी खोडली. पट्टी लावून, सरळ रेघेने. चौदा. अक्काच्या नवऱ्याचं नाव सातवं होतं. माझा हात थांबला का? थांबला नाही. मला तेव्हा ते बरोबरच वाटत होतं. आमच्या पोटावर पाय देऊन ते आत गेले होते, ही गोष्ट खरीच होती. बासष्टच्या बासष्ट बाहेर राहिले असते तर मालक पंधरा दिवसांत खाली आला असता, असं मला आजही वाटतं. पण अक्काच्या पुढच्या रकान्यात 'मुलगा आजारी' असं माझ्याच अक्षरात होतं, आणि मी रेघ त्याच्यावरूनही नेली.

त्या रात्री विहिरीवर अक्का आली. बायांची रांग होती. ती शेवटी उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा कुणीतरी तिचा भरलेला हंडा पायाने आडवा केला. अंधार होता, पण तो पाय कुणाचा ते मला दिसलं. माझ्या आईचा. अक्काने हंडा उचलला, ओल्या मातीवर हात फिरवल्यासारखं केलं आणि रिकामीच गेली. शेतकरीण बाई ओट्यावर उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने आईला विचारलं, "नळावरून तुम्हाला परत पाठवलं तेव्हा तू माझ्यापाशी रडली होतीस ना?" आईने उत्तर दिलं नाही.

पुढच्या दिवसांत अक्काच्या पत्र्यावर रात्री दगड पडले. पोलीस आले, नावं विचारून गेले. त्यांची मुलगी आणि मी रोज बरोबर शाळेत जायचो. आता ती रस्त्याच्या एका कडेने आणि मी दुसऱ्या. गावातली पोरं हसायची. आत जाणाऱ्या जोड्यांना सोबत म्हणून डंपरवाले यायला लागले, हातात काठ्या घेऊन. म्हणजे आमची माणसं आता त्यांच्या आडोशाला होती, आणि आम्ही त्यांच्यासमोर.

भाऊंना हे कळलं तेव्हा ते फार चिडले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी बाबा आढावांबरोबर 'एक गाव एक पाणवठा'च्या मोहिमेत गावं पालथी घातली होती. देवळासमोर उभं राहून ते म्हणाले, ज्या पाण्यासाठी आम्ही उभं आयुष्य घातलं ते पाणी तुम्ही एकमेकांना बंद करता? संप मोडला तरी चालेल, पाणी बंद होता कामा नये. लोक गप्प बसले. एक म्हातारा म्हणाला, "तुम्ही संध्याकाळी पुण्याला जाता, भाऊ." दोघांचंही बरोबर होतं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला तो २०१६चा, आमच्या नंतरचा. पण तेव्हा कायदा नव्हता म्हणून आम्ही केलेलं कमी वाईट ठरत नाही.

बऱ्याच वर्षांनी मी ब्रिटनमधल्या कोळसा खाणकामगारांच्या संपाबद्दल वाचलं. मार्च १९८४ ते मार्च १९८५, जवळजवळ एक वर्ष. बायांनी गावोगाव सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. नॉटिंगहॅमशायरमधले बरेच खाणकामगार मात्र कामावर जात राहिले, पुढे त्यांनी वेगळी युनियन काढली. भावाभावांतला, बापलेकांतला अबोला पुढे कित्येक वर्षं टिकला. ते वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. विहिरीवरचा हंडा आडवा होताना जो आवाज झाला, तो मला पुन्हा ऐकू आला.

समेट झाला तो दोन महिने आणि नऊ दिवसांनी. पावसाळा तोंडावर होता, क्रशरवाल्यांनाही साठा करायचा होता. मालक स्वतः आला. पट्टी काढायची, हौद्याच्या कडेवर फळी फिरवून पातळीला गाडी भरायची, दरात वाढ, उचलीची कपात ठरावीक रकमेहून जास्त नाही, वस्तीला रोज टँकर. पाळणाघराचं नुसतं 'विचार करू'. संपाच्या दिवसांचं काही नाही. त्याच औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १२(३)खाली सह्या झाल्या, अंगठे उठले.

करार मोठ्याने वाचायचं काम माझं होतं. सगळी वस्ती देवळासमोर जमली होती. चौदा घरंही आली होती, लांब, बाभळीखाली. मी एकेक कलम वाचत गेले. शेवटून दुसरं कलम होतं, की हा समेट खाणीतल्या सर्व कामगारांना लागू राहील. वाचून झालं आणि एकदम गलका उठला. त्यांना कशाला? उपाशी आम्ही राहायचं आणि वाढ त्यांनी घ्यायची? आईसुद्धा उठून उभी राहिली होती. भाऊंनी समजावलं, की तडजोडीतून झालेला समेट कलम १८(३)प्रमाणे सगळ्यांना बांधतो. संपात असलेल्यांना, नसलेल्यांना, उद्या नवीन येईल त्यालासुद्धा. मालकाला काही जणांना स्वस्तात राबवायची मोकळीक राहिली, तर तो तुम्हाला काढून त्यांनाच ठेवील. हे बोलणं पटण्यासारखं होतं. पण तुरीची डाळ पातळ करकरून दोन महिने काढलेल्या माणसाला ते त्या संध्याकाळी कसं पटावं?

दुसऱ्या दिवशी गॅस कटरने पट्ट्या कापल्या. ठिणग्या उडत होत्या, पोरं बघायला जमली होती. मी टेप घेऊन पुन्हा हौद्यात उतरले. दोन फूट साडेचार. पहिली गाडी आईने भरली, दुसरी अक्काने. दोघींच्या गाडीचं माप एकच, भाव एकच. दोघी एकमेकींकडे पाठ करून घमेली उचलत होत्या.

पुढे काही वर्षांत पोकलेन आली आणि हाताने डबर भरायचं काम संपलं. जोड्या पांगल्या, कुणी मोशीला, कुणी नांदे-चांद्याला, कुणी बांधकामावर. आता त्या भागात मोठ्या सोसायट्या आहेत. अक्काचं घर कधी उठलं ते आम्हाला कळलंही नाही.

गेल्या उन्हाळ्यात नांदेडकडे नात्यातल्या एका लग्नात ती दिसली. आई मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती, दोघींनी एकमेकींना पाहिलं होतं. मी अक्काजवळ जाऊन बसले. तिच्या मुलाचं विचारलं. ससूनमधून तो बरा होऊन आला होता, आता ट्रक चालवतो. मग मी म्हणाले, "अक्का, वहीतलं काकांचं नाव मी खोडलं होतं."

"ठाऊक हाय की," ती म्हणाली. "वस्तीत लिहिता तुलाच येत होतं."

थोडा वेळ आम्ही तशाच बसलो. मग तिने कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला, बँकेचा होता, आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, "हे काय लिहिलंय ते वाच बरं."